ॲक्शन थ्रिलरची बलस्थानं आणि उणिवा: पाहण्यापासून लिहिण्यापर्यंत, टप्प्याटप्प्याने

"फर्स्ट हाफ जबरदस्त, सेकंड हाफ ढेपाळला. ॲक्शन भारी, स्टोरी वीक. साडेतीन स्टार." नवा ॲक्शन थ्रिलर लागला की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सोलापुरातल्या ग्रुपांवर आणि रीलवर असा मजकूर फिरायला लागतो. सिनेमाचं नाव बदला, मजकूर तसाच चालतो. म्हणजे तो त्या सिनेमाविषयी काहीच सांगत नाही.

कॉलेजच्या वार्षिक अंकात, फिल्म क्लबच्या चर्चेत किंवा स्वतःच्या चॅनलवर जे मनापासून सिनेमाविषयी बोलतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. चुका बहुतेकांच्या त्याच त्या होतात. विशेषण लिहितात, पण दृश्य सांगत नाहीत. थिएटरचा दोष सिनेमाच्या माथी मारतात. आणि मारामारी व उत्कंठा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजतात. मारामारी डोळ्यांना आणि शरीराला भिडते, उत्कंठा "आता पुढे काय" या प्रश्नावर चालते. दोन्ही आधी वेगवेगळ्या तपासायच्या, मग त्यांचा सांधा पाहायचा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका. शेवटचं काम आधी केलं, म्हणजे स्टार आधी ठरवले, की उरलेलं सगळं त्या आकड्याची वकिली होऊन बसतं.

टप्पा 1: तिकीट काढण्याआधी

आधी ठरवा, कोणत्या भाषेतली प्रत पाहणार. सोलापुरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पूर्व भागातली बरीच मंडळी तेलुगू सिनेमा मूळ भाषेत पाहतात, बाकीचे तोच सिनेमा हिंदी डबिंगमध्ये पाहतात आणि मग दोघं एकाच संवादावरून भांडतात. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीशी जुळवण्यासाठी वाक्यं बदलतात, एखादी शिवी गुळगुळीत होते, गावाकडची बोली सरसकट प्रमाण हिंदी होऊन जाते. डब प्रत पाहिली असेल तर अभिनेत्याच्या आवाजाविषयी आणि संवादांच्या धारेविषयी निकाल देऊ नका. दिलाच तर "हिंदी प्रतीत" हे शब्द त्याच वाक्यात हवेत. घरात किंवा शेजारी कुणी मूळ भाषा बोलणारं असेल तर खटकलेली दोन-तीन वाक्यं त्यांना विचारून घ्या. शहराने दिलेली ही सोय फार थोड्या समीक्षकांना मिळते.

दुसरी गोष्ट सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्राची. सिनेमा सुरू होण्याआधी ते पडद्यावर येतं, त्यावर भाषा आणि लांबी लिहिलेली असते. यू (सर्वांसाठी) आणि ए (फक्त प्रौढांसाठी) यांच्या मधल्या यूए वर्गाचे आता यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असे तीन भाग झाले आहेत. हा वर्ग लक्षात ठेवायचा, कारण हिंसेचं दृश्य मध्येच तोडल्यासारखं वाटलं किंवा एखादा शब्द गायब झाला, तर तो संकलकाचा गचाळपणा असेलच असं नाही. मंडळाने सांगितलेली काटछाटही असू शकते.

तिसरी, ट्रेलर. एकदा पाहिलेला असेल तर ठीक, पण जाण्याच्या दिवशी पुन्हा पाहू नका. हल्लीच्या ट्रेलरमध्ये क्लायमॅक्सचे तुकडे असतात आणि मग सिनेमा पाहताना तुम्ही उत्कंठेची नव्हे, त्या तुकड्यांची वाट पाहत बसता.

सावध: इतरांचे रिव्ह्यू वाचून जाऊ नका. "सेकंड हाफ संथ आहे" हे वाक्य डोक्यात शिरलं की इंटरव्हलनंतर तुम्ही घड्याळ पाहणारच.

टप्पा 2: थिएटरमध्ये बसल्यावर

मधल्या भागात, पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर बसा. फार पुढे बसून वेगवान पाठलाग पाहिला तर डोळ्यांना फ्रेमची दोन्ही टोकं एकदम गाठता येत नाहीत. मग "कॅमेरा फार हलतो" असं वाटतं, आणि दोष असतो खुर्चीचा.

सिनेमाआधी जाहिराती आणि दुसरे ट्रेलर लागतात, ते नीट पाहा आणि ऐका. जाहिरातही अंधारलेली दिसत असेल तर प्रोजेक्टरचा उजेड कमी आहे. जाहिरातीतले शब्दही खोल विहिरीतून आल्यासारखे येत असतील तर ध्वनियंत्रणेत गडबड आहे. पुढे "रात्रीची दृश्यं काळवंडली आहेत" किंवा "संवाद ऐकूच येत नाहीत" असं लिहायचा मोह होईल तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

मोठ्या हिरोचा पहिला दिवस असेल तर शिट्ट्या आणि टाळ्यांत पहिली काही मिनिटं वाहून जातात. ती ऊर्जा खरी असते, तिची नोंद जरूर करा. पण ती सिनेमाच्या खात्यात लगेच जमा करू नका. हिरोच्या एंट्रीला पडलेली टाळी त्याच्या आधीच्या सिनेमांची असते. तासाभराने एखाद्या अनोळखी नटाच्या कृतीवर टाळी पडली, तर ती या सिनेमाने कमावलेली.

टप्पा 3: पाहताना टिपायचं काय

फोन खिशात ठेवा. त्याच्या उजेडाने शेजाऱ्याला त्रास होतो आणि तुमचेही डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो. छोटी वही आणि पेन्सिल पुरते. अंधारात न पाहता लिहायचं, एका दृश्याला दोन-तीन शब्द: "जिना, चावी, हात थरथरला". वाक्यं लिहू नका. एक वाक्य लिहीपर्यंत पडद्यावर दहा शॉट होऊन गेलेले असतात.

तीनच खुणा वापरा. जिथे तुम्ही नकळत पुढे सरकून बसलात तिथे बाण. जिथे "हा आत्ता कुठून आला?" असा प्रश्न पडला तिथे प्रश्नचिन्ह. जिथे मन भटकलं तिथे आडवी रेघ. कारण शोधायचं काम नंतरचं.

इंटरव्हलला बाहेर जाऊन मित्रांशी चर्चा सुरू करण्याआधी तीन उत्तरं लिहा. नायकाला नेमकं काय हवंय? ते मिळालं नाही तर कुणाचं काय जाणार? आणि ते कधीपर्यंत मिळायला हवं?

तपासा: यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता आलं नाही, तर उत्तराची जागा रिकामी ठेवा. सेकंड हाफ ढेपाळल्याचं कारण पुष्कळदा याच रिकाम्या जागेत सापडतं. पाया पहिल्या तासात कच्चा राहतो, तडा दुसऱ्या तासात दिसतो.

टप्पा 4: घरी पोचल्यावर, कुणाचंही काही न वाचता

त्याच रात्री कथा पाच-सहा ओळींत लिहून काढा, "म्हणून" आणि "पण" हे दोन शब्द वापरून. त्याने हे केलं, म्हणून ते घडलं, पण तिकडे असं झालं, म्हणून त्याला तिकडे जावं लागलं. दोन घटनांच्या मध्ये तुम्हाला सारखं "आणि मग" लिहावं लागत असेल तर घटना नुसत्या रांगेत उभ्या आहेत, एकीतून दुसरी निघत नाही. पटकथेची ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे आणि ती आठवणीतूनच घ्यायची. जे आठवत नाही ते सिनेमाने तुमच्यापर्यंत पोचवलेलंच नाही.

टप्पा 5: मारामारी तपासणं

इथे वेळ द्या. बहुतेक लेख "ॲक्शन भारी" एवढ्यावर थांबतात आणि ज्यासाठी लोक तिकीट काढतात त्याविषयीच काही सांगत नाहीत.

आधी दृश्य निवडा. क्लायमॅक्स घेऊ नका, तिथे सगळा पैसा ओतलेला असतो. मधलं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचं दृश्य घ्या. दिग्दर्शक आणि फाईट मास्टर यांचा खरा कस तिथे दिसतो. मग चार गोष्टी या क्रमाने पाहा.

*जागा.* कागदावर नकाशा काढा: दार कुठे, खिडकी कुठे, कोण कुठून आला, कुठे जायचंय. काढता आला तर दृश्याने जागा समजावली आहे. नाही आला तर पुन्हा पाहताना एक गोष्ट शोधा. माणूस डावीकडून उजवीकडे पळत असताना कॅमेरा अचानक पलीकडच्या बाजूला गेला, तर पुढच्या शॉटमध्ये तोच माणूस उलटा पळताना दिसतो. दोन माणसांमध्ये एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवण्याचा संकेत त्यासाठीच आहे. जाणूनबुजून मोडला तर गोंधळ हाच परिणाम साधता येतो, नकळत मोडला तर प्रेक्षक हरवतो.

सोलापूरकरांसाठी इथे एक खास सूचना. आपल्या शहरात किंवा ओळखीच्या भागात चित्रण झालं असेल तर आपली नजर लगेच चुका शोधते. गाडी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने वळली आणि पुढच्या शॉटला विजापूर रोडवर निघाली, की आपण हसतो. ती उणीव नाही. सिनेमा दोन लांबच्या जागा जोडून तिसरी जागा तयार करू शकतो. पण "पाच मिनिटांत स्टेशनवर पोचलो नाही तर गाडी सुटेल" हाच दृश्याचा ताण असेल आणि तिथे अंतराची मनमानी असेल, तर ती उणीव, कारण ताणच खोटा पडला.

*हेतू.* मारामारी सुरू होताना जी परिस्थिती होती ती संपताना बदलली का? काही हातातून गेलं, काही कळलं, कुणी जखमी झालं, कुणी बाजू बदलली? काहीच बदललं नसेल तर दृश्य कितीही देखणं असो, ते काढून टाकलं तरी सिनेमा चालेल. "स्पीड" (1994) मध्ये बसचा वेग ताशी 50 मैलांखाली गेला की बॉम्ब फुटणार. एवढ्या एका अटीमुळे साधं वळण, रस्त्यातला खड्डा, ट्रॅफिक, सगळंच ॲक्शन होऊन जातं. तुमच्या सिनेमातली अशी अट कोणती ते शोधा.

*शरीर.* मार लागतो का? पहिल्या तासात खांद्यात गोळी लागलेला नायक दुसऱ्या तासात त्याच हाताने दार तोडतो का? दमतो का? काडतुसं संपतात का? मार लागतच नसेल तर भीतीही उरत नाही, आणि थ्रिलरमध्ये भीती गेली की पाहायला फक्त कवायत उरते. अतिमानवी ताकदीला माझा विरोध नाही. सिनेमाने पहिल्याच भागात "आमचा नायक एका बुक्कीत पाच माणसं उडवतो" असं कबूल केलं असेल तर तो त्या जगाचा नियम आहे. मात्र मग त्याच नायकाला क्लायमॅक्समध्ये एकट्या व्हिलनने सहज बदडलं तर त्याचं कारण सिनेमाने द्यायला हवं.

*कट आणि कॅमेरा.* इथे सगळ्यात जास्त चुकीची विधानं होतात. "फार कट आहेत" हा दोष नाही. "मॅड मॅक्स: फ्युरी रोड" (2015) मध्ये दोन तासांत अडीच हजारांहून अधिक कट आहेत, तरी डोळा हरवत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा फ्रेमच्या मध्यभागीच ठेवलेली आहे. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. उलट टोकाला "जॉन विक" (2014): मागे उभा राहणारा कॅमेरा, लांब शॉट, पूर्ण शरीर दिसतं. त्याचे दिग्दर्शक चाड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमधून आलेले, नटाने काय शिकलंय ते त्यांना दाखवायचंच होतं. दोन्ही रीती चालतात. तुम्ही तपासायचं ते एवढंच: कट बुक्की लागण्याच्या क्षणी ती लपवतोय, की त्या क्षणाला धार देतोय? प्रत्येक फटक्याला कॅमेरा हलत असेल आणि फटका लागलेला एकदाही दिसत नसेल, तर बहुधा नटाची तयारी किंवा चित्रणाला मिळालेला वेळ कमी पडला आहे. "बहुधा" हा शब्द लिहिताना ठेवा, कारण सेटवर काय झालं ते आपण पाहिलेलं नाही.

एक दृश्य जवळून

एक कल्पित दृश्य घेऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा यंत्रमाग कारखाना, रात्रपाळी. नायकाला कोपऱ्यातल्या केबिनमधून हिशेबाची वही न्यायची आहे. तो मागच्या दाराने शिरतो, त्याला शोधणारे चौघे पुढच्या दाराने.

चांगल्या हातात हे असं होईल. पहिल्याच रुंद शॉटमध्ये मागांच्या दोन रांगा, मधला अरुंद बोळ, केबिन आणि दोन्ही दारं दिसतात. मागांचा खडखडाट इतका की कुणाला कुणाचं ऐकू जात नाही, कामगार हाताच्या खुणांनी बोलताहेत. नायकाच्या पाठीमागे माणूस येतो, ते आपल्याला दिसतं, त्याला ऐकू येत नाही. समोरच्या मागावरची बाई डोळ्याने खूण करते आणि तो वळतो. मग वीज जाते. माग थांबतात. कारखान्यात शांतता पसरते आणि आता प्रत्येकाच्या चपलेचा आवाज ऐकू येतो. आतापर्यंत आवाज नायकाच्या विरुद्ध होता, आता चौघांच्याही विरुद्ध आहे. डाव उलटला, तोही एका बुक्कीशिवाय.

वाईट हातात: चालू मागांच्या मधोमध दोघं एकमेकांना दमात संवाद ऐकवतात आणि शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो. चौघांचे नऊ होतात. दारं कुठे गेली कळत नाही. कापडाचे तागे उडतात, ठिणग्या पडतात, नायक स्लो मोशनमध्ये बाहेर येतो आणि वही पुढे कधीच लागत नाही.

दोन्ही दृश्यांवर "कारखान्यातली फाईट एक नंबर" असं लिहिता येतं. म्हणूनच ते वाक्य निरुपयोगी आहे. पहिल्याविषयी असं लिहा: "मागांचा आवाज आणि वीज गेल्यावरची शांतता यांवर हे दृश्य उभं आहे, जागेचा इतका विचार बाकी कुठल्याच मारामारीत नाही." वाचणाऱ्याला बलस्थान कळलं, आणि उरलेल्या सिनेमाची उणीवसुद्धा.

टप्पा 6: उत्कंठा तपासणं

थ्रिलरसाठी गाजलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी सांगितलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. आधी माहीत असेल तर तोच साधा संवाद पंधरा मिनिटं ताण देतो. तुमच्या सिनेमाने कोणता मार्ग कुठे घेतला, हे ओळखणं म्हणजे या टप्प्याचं निम्मं काम.

त्यासाठी कागदावर तीन रकाने आखा: प्रेक्षक, नायक, व्हिलन. प्रत्येक महत्त्वाच्या दृश्याशेजारी, कोणाला काय माहीत आहे ते लिहा. प्रेक्षकाला जास्त माहीत असेल तर काळजी निर्माण होते. सगळ्यांना सारखंच माहीत असेल तर शोधाची मजा येते. नायकाला माहीत असलेली गोष्ट आपल्यापासून लपवली असेल तर तो सिनेमाने घेतलेला उधारीचा पैसा आहे, शेवटी व्याजासकट परत करावा लागतो. बरेच थ्रिलर इथेच अडकतात: नायकाने सगळं आधीच ठरवलं होतं, आपल्याला फक्त दाखवलं नव्हतं.

म्हणून ट्विस्टची परीक्षा मागे जाऊन घ्या. ज्या माणसाचं खरं रूप शेवटी उघड झालं, तो आधी कधी एकटाच पडद्यावर होता का? कुणी पाहत नसताना तो कसा वागला? एकांतातही खोटा वागला असेल तर ते वागणं फक्त आपल्याला फसवण्यासाठी होतं. ट्विस्ट पोकळ आहे.

योगायोगाचं साधं माप वापरा. योगायोगाने नायक संकटात सापडला तर चालतं. योगायोगाने सुटला तर उणीव. मोबाइलची रेंज जाणं, सीसीटीव्ही नेमका बंद असणं, हवालदार नेमका चहाला जाणं, यांतली एखादी गोष्ट खपून जाते. तिसऱ्यांदा झाली की मोजून लिहा.

आता "लॉजिक शोधू नका, एन्जॉय करा" या वाक्याचं उत्तर. तर्क दोन प्रकारचे. आपल्या जगाचा तर्क सिनेमाने मोडला तर भांडू नका, गाड्या उडू देत. सिनेमाने स्वतः घालून दिलेला नियम सिनेमानेच मोडला तर मात्र ती उणीव ठामपणे मांडा. "ही तिजोरी दोघांच्या ठशांशिवाय उघडत नाही" असं सांगून ती एकाच्या ठशावर उघडली, तर कुणाच्याही आनंदाआड न येता तुम्ही ते लिहू शकता.

सावध: "आधीच ओळखलं होतं" ही उणीव नाही. काही जण ओळखतातच. ओळखल्यानंतरही पाहत राहावंसं वाटलं का, ते लिहा.

टप्पा 7: दोघांचा सांधा

मारामारी आणि शोध एकमेकांना पुढे ढकलतात का? वहीतली मारामारीची दृश्यं एकेक करून मनातल्या मनात काढून पाहा. शोध अडला तर सांधा पक्का. अडला नाही तर दोन सिनेमे शेजारीशेजारी चालू आहेत. मग शोधाची दृश्यं काढून पाहा: नायक त्या ठिकाणी माहिती मिळवून पोचला, की नुसता पोचला?

इंटरव्हलनंतरचा लांबलचक फ्लॅशबॅक हा आपल्याकडच्या मोठ्या ॲक्शनपटांतला नेहमीचा सांधा. तो सूडाचं कारण सांगतो, पण चालू घड्याळ थांबवतो. वर्तमानातली मुदत फ्लॅशबॅकनंतरही डोक्यात जिवंत होती का, एवढंच तपासा. गाण्यांनाही हेच माप. गाणं असणं हा दोष नाही, गाण्यातून बाहेर आल्यावर ताण होता तिथेच सापडला का ते महत्त्वाचं.

टप्पा 8: व्हिलन, अभिनय, संगीत

हे आटोपशीर ठेवा. व्हिलनसाठी एकच प्रश्न: त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं वागणं पटतं का? हुशार म्हणून ओळख करून दिलेला माणूस क्लायमॅक्समध्ये भाषण देत नायकाला वेळ देत असेल, तर लिहा. अभिनयात संवादांपेक्षा मारामारीच्या आधीचं आणि नंतरचं अर्धं मिनिट पाहा, चेहरा तिथे खरं सांगतो.

बीजीएम, म्हणजे पार्श्वसंगीत, मोठं आहे म्हणजे चांगलं आहे असं नाही. ते दृश्याच्या आधी धावतंय की दृश्याबरोबर, ते ऐका. शांततेचीही नोंद घ्या. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी "सैराट"च्या (2016) शेवटच्या दृश्यात आवाजच काढून घेतला आणि अवघं थिएटर गप्प झालं. तो ॲक्शन थ्रिलर नाही, पण हिंसा कशी ऐकवायची याचा धडा म्हणून तो प्रत्येक ॲक्शन दिग्दर्शकाने घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आणखी एक: बुक्कीचा, हाड मोडल्याचा, पावलांचा आवाज बहुतेक वेळा चित्रणानंतर स्टुडिओत तयार करून बसवतात. "फटके खरे वाटतात" याचं श्रेय म्हणूनच ध्वनिविभागालाही जातं.

टप्पा 9: दुसऱ्यांदा पाहणं

शक्य असेल तर पाहा, पण सगळा नको. बाण आणि प्रश्नचिन्ह केलेली दृश्यंच. सिनेमा ओटीटीवर आला असेल तर निवडलेलं एक दृश्य आवाज बंद करून पाहा. आता जागा कळते का? मग तेच पडद्याकडे पाठ करून हेडफोनवर ऐका. आता ताण जाणवतो का? कोणत्या बाजूने दृश्य अधू आहे ते दोन वेळात स्पष्ट होतं. ओटीटीवरची लांबी थिएटरच्या प्रतीपेक्षा वेगळी असू शकते, ती जुळवून घ्या. थिएटरमध्ये चोरून काढलेल्या प्रतीवरून मात्र कधीही लिहू नका. तिच्यात रंग, आवाज आणि फ्रेम तिन्ही खोटी असतात, शिवाय तो गुन्हा आहे.

टप्पा 10: वजन करणं

आता बलस्थानं आणि उणिवा समोरासमोर मांडा, पण मोजू नका. पाच उणिवा आणि तीन बलस्थानं म्हणजे वाईट सिनेमा, असं गणित नसतं. प्रत्येक नोंदीपुढे लिहा: ही इंटरव्हलला लिहिलेल्या तीन उत्तरांना भिडते का? नायकाला काय हवं, काय पणाला लागलंय, किती वेळ आहे. यांतल्या एकाला धक्का देणारी उणीव मोठी. एखाद्या शॉटमध्ये जखम डाव्या गालावरून उजव्यावर गेली, ती छोटी. छोट्या उणिवांची जंत्री वाचायला मजा येते, पण तिने सिनेमा समजत नाही.

दोषाचं खापर कुणावर, यातही जपून. संथपणा नेहमी संकलकाचा नसतो. लिहिलेलंच लांब असेल तर तो कापणार किती? खात्री नसेल तेव्हा "सिनेमा इथे रेंगाळतो" म्हणा, नाव घेऊ नका.

तपासा: एखादी गोष्ट दोन्ही रकान्यांत आली आहे का? आली असेल तर घाबरू नका, बहुतेकदा तीच लेखाची मध्यवर्ती गोष्ट ठरते. पूर्ण सिनेमा एका रात्रीत घडवल्यामुळे ताण टिकतो आणि त्याचमुळे पात्रांना श्वास मिळत नाही, अशा वाक्यातून सिनेमा जिवंत उभा राहतो.

टप्पा 11: लिहिणं

पहिल्या परिच्छेदात कथा सांगू नका. एक दृश्य आणि त्यावरचा तुमचा निकाल, इथून सुरुवात करा. कथा नंतर चार ओळींत, तीही पहिल्या अर्ध्या तासात घडतं तेवढीच. त्यापुढचं फोडायची वेळ आली तर आधी स्पष्ट इशारा द्या. "शेवटी एक जबरदस्त ट्विस्ट आहे" असं लिहिणंही फोडणंच आहे, कारण वाचणारा मग ट्विस्टची वाट पाहत बसतो.

प्रत्येक बलस्थान आणि उणीव याच क्रमाने लिहा: पडद्यावर काय घडलं, त्याने प्रेक्षकावर काय परिणाम झाला, कशामुळे झाला. "व्हिलन वीक आहे" ऐवजी "पहिल्या भेटीनंतर व्हिलन तासभर फक्त फोनवर दिसतो, त्यामुळे नायकाला खरा धोका आहे असं वाटतच नाही." एका वाक्यात काम झालं, आणि ज्याला सिनेमा आवडला त्यालाही तुमच्याशी नीट भांडता येतं.

भाषा तुमची रोजचीच ठेवा. "फाईट", "एंट्री", "इंटरव्हल" खुशाल लिहा. "चित्रपटाचे छायाचित्रण नेत्रसुखद आहे" हे वाक्य मात्र पूर्ण खोडा, त्यातून कुणालाच काही दिसत नाही.

स्टार द्यायचेच असतील तर आता द्या, लेख पूर्ण झाल्यावर. आणि लेखातलं सगळ्यात कडक वाक्य पुन्हा एकदा वाचा: ते दृश्याविषयी आहे की माणसाविषयी? नटाच्या वजनाविषयी, रंगाविषयी, वयाविषयी असेल तर काढून टाका.

प्रकाशित करण्याआधी

दिग्दर्शक, फाईट मास्टर, छायालेखक आणि संकलक यांची नावं श्रेयनामावलीवरून पडताळा. फाईट मास्टरचं नाव तर आवर्जून द्या. ज्या सिनेमाचं नावच ॲक्शन घेऊन येतं, त्याच्या लेखात ते बहुतेक वेळा गाळलेलं असतं. कोणत्या भाषेतली प्रत, थिएटर की ओटीटी, हे लेखाच्या वरच एका ओळीत लिहा. आवाजाची किंवा उजेडाची अडचण होती तर तेही तिथेच. मग लेख अशा एका माणसाला वाचायला द्या ज्याने सिनेमा पाहिलेला नाही, आणि त्याला विचारा, यातलं कोणतं दृश्य तुझ्या डोळ्यांसमोर आलं? एकही सांगता आलं नाही, तर टप्पा 5 मधला नकाशा काढून पुन्हा लिहायला बसा.